टोपीखालची चौथी

जुलैचा तिसरा आठवडा लागला आणि होन खोईच्या मिठागरांवर जो तो मान वर करून चालू लागला. वाफ्यांत मीठ पिकून पांढरंफेक पडलं होतं, आणि दुपार झाली की डोंगरामागून एक करडा ढग डोकं काढून बघून जात होता. एक सर पुरे होती. तीन आठवड्यांच्या उन्हाचं अर्ध्या तासात पाणी झालं असतं. म्हणून गावातल्या बायका उजाडायच्या आतच कावडी खांद्यावर टाकत होत्या आणि पुरुष लाकडी फळ्या घेऊन मीठ ओढायला वाफ्यांत उतरत होते.

तानच्या घरात मात्र ढगाशिवाय आणखी एक मुदत येऊन बसली होती. शनिवारी संध्याकाळी पाचला त्याच्या मुलीचा, दिएपचा, कॉलेजचा अर्ज बंद होणार होता. त्या अर्जात प्रत्येक अभ्यासक्रमाला 'इच्छा' म्हणतात. इच्छा एक, इच्छा दोन, अशा क्रमाने लिहायच्या. वरची मिळाली की खालच्या आपोआप बाद. दिएपला गुण चांगले पडले होते. न्हा त्रांगला शिक्षिकेचं मिळत होतं, बसने दीड तासावर. साईगावला फोटोग्राफीचं मिळत होतं, आणि साईगाव म्हणजे आगगाडीत अख्खी रात्र काढायची. दिएपने फोटोग्राफी वर लिहिली होती.

"सरकार आता इच्छाही विचारायला लागलं," बा म्हणाला. तो दारात बसून फळीचा दांडा सुतळीने आवळत होता. "आणि पोरगी लिहिते काय, तर फोटो! अगं, थोआचा नातू तीन वर्षांचा आहे. आईचा फोन घेऊन तोही काढतो. त्याला कुठल्या कॉलेजात घातलं होतं?"

"त्याच्या फोटोत सगळ्यांची नुसती नाकं येतात, बा."

"आणि तुझ्यात काय येतं?"

दिएपची जीभ एरवी कात्रीसारखी चाले, पण आता तिने आईकडे पाहिलं. मा चुलीशी वाकून भात उपसत होती. तीस वर्षं तोंडाला फडकं गुंडाळून मीठ वाहणाऱ्या त्या बाईला घरातही बोलायचं सुचत नसे.

"शिक्षिका हो," बा म्हणाला. "सावलीत उभं राहायचं काम आहे ते."

बाची मान, हात, पोटऱ्या, सगळं मिठाने नि उन्हाने करपून चिवट झालं होतं. हा माणूस आपल्या लेकीसाठी दुसरं काही मागत नव्हता, फक्त सावली मागत होता. त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

तिचा कॅमेरा हिएनकाकांनी दिलेला. निन्ह होआच्या बाजारात काकांचं फोटोचं दुकान होतं आणि दोन उन्हाळे ती तिथे कामाला जात होती. गिऱ्हाईक बहुतेक मेलेलं. घरात कुणी गेलं की लोक त्याच्या ओळखपत्रावरचा फोटो घेऊन येत. काका तो मोठा करून देत, पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर मांडायला. मानेखाली कपडे चिकटवायचे असत, पुरुषाला काळा कोट आणि बाईला निळा आओ झाय, सणासुदीचा लांब झगा. दुकानाच्या संगणकात कोट एकच होता आणि आओ झायही एकच, त्यामुळे त्या बाजाराला येणाऱ्या गावांतल्या यच्चयावत बायका पंधरा वर्षं त्याच एका झग्यात वर जात होत्या. "वर गेल्यावर एकमेकींना ओळखत कशा असतील?" असं दिएपने एकदा विचारलं, तेव्हा काका डोळ्यांत पाणी येईतो हसले. उन्हाळा संपला तेव्हा त्यांनी आपला जुना कॅमेरा तिच्या गळ्यात घातला. बॅटरीचं झाकण रबरबँडने बांधलेलं होतं, पण भिंग शाबूत होतं.

मंगळवारी ती चहाची किटली घेऊन आईच्या मागोमाग मिठागरावर गेली. सूर्य यायला अजून अवकाश होता. वाफ्यांत बोटभर पाणी होतं आणि त्या पाण्यात सगळं आकाश उतरलं होतं. दिएप जन्मल्यापासून हे बघत होती, तरी दर खेपेला तिचे पाय बांधावर थबकत. वर तांबडं, खाली तांबडं, आणि मधून बायका चाललेल्या, एकेकीच्या पावलांना खालून दुसरी पावलं चिकटलेली. बघता बघता तिची छाती भरून येई. आपण एवढ्याशा आणि हे एवढं मोठं, आणि हे रोज होतं, कुणी बघो न बघो! कुणाला तरी हात धरून दाखवावं असं तिला होऊन जाई. पण ज्यांना दाखवायचं त्या सगळ्या कावडीखाली वाकलेल्या होत्या.

भरल्या टोपल्यांनी कावडीची दोन्ही टोकं खाली लवत. त्या लवण्याच्या तालावर बायका लहान लहान पावलं टाकत जवळजवळ पळतच. थांबलं की ओझं दुप्पट. पायांत रबरी बूट, हातांत मोजे, डोक्यावर पानांची टोपी, आणि डोळे सोडून सगळं तोंड फडक्यात. सगळ्यांत पुढे ताममावशी. चाळीस वर्षं मीठ वाहून तिच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढा गोटा आला होता, आणि गर्दीतही चालीवरून ओळखू यायची ती एकटीच.

उजाडता उजाडता फोटोवाल्यांची बस आली. मोसमात आठवड्याला दोनतीन यायच्याच. लाल जाकीट घातलेला त्यांचा म्होरक्या बांधावर उभा राहून हात हलवू लागला. "ताई, परत एकदा! रांगेत या! जरा हळू!"

"हळू चाललं की मीठ जड होतं, साहेब," ताममावशी फडक्यातून ओरडली. "कावड तुम्ही घ्या. बटण मी दाबते!"

बायका हसल्या, पण परत फिरल्या. पाहुण्यांना नाही म्हणायची रीत नव्हती. बा वाफ्यात फळी धरून उभा होता. त्याच्या अंगात खताच्या दुकानाने फुकट वाटलेला पिवळा शर्ट होता, छातीवर मोठ्ठं पोतं छापलेला.

"काका, तुम्ही जरा बाजूला होता का? तो शर्ट मध्ये येतोय."

बाने इकडेतिकडे पाहिलं. बाजूला व्हायला जागा कुठे होती? शेवटी तो बांधाच्या पलीकडे उतरला आणि डोकं दिसू नये म्हणून उकिडवा बसला. त्याने ओढलेलं मीठ, त्याचा वाफा, आणि तो बांधाआड लपून वाट बघत होता. दिएपच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तिला लाल जाकिटाचा राग आला, आणि आपल्या गळ्यातला कॅमेरा तिने किटलीमागे धरला.

आठ वाजता बायका गोदामाच्या सावलीला न्याहारीला बसल्या. चौघींचं एक टोळकं होतं: मा, ताममावशी, फटकळ थोआ आणि नवी लग्न झालेली क्विन. फडकी सुटली आणि चेहरे बाहेर आले. डोळ्यांभोवतीचा पट्टा उन्हाने काळाठिक्कर, आणि त्याच्या वरखाली कातडी पिठासारखी गोरी. केळीच्या पानातला चिकट भात आणि सुकी मासळी खाता खाता ताममावशी लाल जाकिटाची नक्कल करू लागली. "ताई, जरा हळू मरा! उजेड चांगला आहे!"

चौघी हसायला लागल्या. दिएपने कॅमेरा डोळ्याला लावला, चौघी चौकटीत घेतल्या आणि बटण दाबलं. नेमक्या त्याच क्षणी डब्याचं झाकण घरंगळलं आणि मा ते धरायला खाली वाकली.

थोआने मान वळवून पडद्यावर पाहिलं आणि तिचा घास तसाच राहिला. "अगं ए, तिघीच आल्या यात! साऊ कुठे गेली?"

"झाकण पडलं माझं," मा म्हणाली.

"तिघींचा फोटो! मधली जाते, ठाऊक नाही का तुला? एवढं शिकून काय उपयोग? पूस तो, आधी पूस!"

दिएपला ठाऊक होतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिघं जमली तर चौथं कुणी ओढून आणतात, नाहीतर एक जण बाजूला होतो. तिने घाईघाईने बटण शोधलं. ताममावशीने तिचं मनगट धरलं.

"मधली कोण, मीच ना? बघू." ती कितीतरी वेळ त्या इवल्याशा पडद्याकडे बघत राहिली. "अगोबाई, मी हसते तेव्हा अशी दिसते होय? राहू दे गं हा. मिठात मुरलेल्या बाईला कोण नेतंय!"

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ताममावशी गेली.

अकराव्या खेपेला ती मध्येच थांबली. आधी टोपल्या हळूच खाली टेकवल्या, मीठ सांडू दिलं नाही, आणि मग स्वतः पडली. लोकांनी तिला उचलून इस्पितळात नेलं आणि दुपार व्हायच्या आत परत आणलं. डोक्यातली शीर फुटली म्हणे. अंगणात बायका जमल्या होत्या. थोआने ऊर बडवता बडवता दिएपला पाहिलं.

"काल सांगितलं होतं मी! तिघी होत्या, मध्ये ताम होती. पूस म्हटलं होतं!"

सगळ्यांच्या नजरा दिएपच्या गळ्याकडे गेल्या. कॅमेरा घरीच होता, तरी तिला तो तिथे जड लागला. आणि खरं सांगायचं तर तिचाही विश्वास बसला होता. शहाणपण पुस्तकात ठीक असतं. काल हसणारी बाई आज चटईवर आडवी दिसली की ते कुठल्या कुठे जातं.

"पेटीत ठेव ते," घरी आल्यावर बा एवढंच म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

तिने कॅमेरा टॉवेलात गुंडाळून पेटीच्या तळाशी घातला. मग फोन उघडला आणि शिक्षिकेचं वर घेतलं, फोटोग्राफीचं खाली. फोनवर अक्षरं उमटली: आपल्या इच्छांचा क्रम बदलला आहे. तिने ते दोनदा वाचलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

गुरुवारी सकाळी ताममावशीचा मुलगा वू आला. बिएन होआला बुटांच्या कारखान्यात तो आठ वर्षं होता. डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी बांधून तो शवपेटीसमोर गुडघ्यांवर बसला, उदबत्ती हातात धरली, मान वर केली आणि तसाच थांबला.

पेटीपुढच्या मेजावर भाताचा वाडगा होता, त्यावर उकडलेलं अंडं होतं, आणि मागे चौकटीत एक बाई होती. ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो हिएनकाकांनी मोठा करून दिला होता. डोळे पुसट, तोंड घट्ट मिटलेलं, खाली निळा आओ झाय.

"ही कोण?" वूने विचारलं.

"असं काय करतोस बाबा? आई तुझी."

"ही माझी आई नाही." त्याचा आवाज चढला. "मी उद्या हिला काय म्हणून हात जोडू? माझी पोरं कुणाला आजी म्हणणार?"

त्याने खिशातून फोन काढला आणि होन खोईचं मीठ असं टाकून फोटो शोधू लागला. एकामागून एक फोटो सरकू लागले, शेकड्यांनी. तांबडं आकाश, पांढरे ढीग, कावडी, टोपल्या, टोप्या. "ही आई. ही पण आईच. चाल बघा ना तिची. ही कॅलेंडरवरची. ही तर आमच्या बँकेच्या भिंतीवर आहे, मी रांगेत उभा राहून बघत असतो." तो भराभरा बोट फिरवत होता. "दुनियेने काढले हिचे फोटो. तोंड एकातही नाही?"

तो लहान पोरासारखा रडू लागला. दिएप दाराशी उभी होती. गप्प राहिलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. थोआनेही तो फोटो एव्हाना पुसला गेला असं धरलं होतं. पण ताममावशी त्या इवल्या पडद्याकडे कशी बघत होती, ते तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "हसताना."

थोआ उसळून उठली. "तो? ज्याने तिला नेलं तोच देव्हाऱ्यावर ठेवायचा? तिघींचा? अजून दोघी जिवंत आहोत त्यातल्या!"

"थोआ, बस खाली."

सगळ्यांनी वळून पाहिलं. साऊ, दिएपची मा, बोलली होती. तिने दिएपला घरी पिटाळलं आणि कॅमेरा येईपर्यंत ती हाताची घडी घालून तिथेच उभी राहिली. कॅमेरा आला तेव्हा तिने पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे पानाच्या टोपीची एक कड आली होती, निळ्या दोऱ्याने शिवलेली.

"ही टोपी कुणाची?"

"तुझी," थोआ म्हणाली. "मग?"

"टोपीखाली मी आहे. वाकलेली आहे, पण आहे. मोज. चार."

"टोपी म्हणजे काय माणूस झालं?"

"तीस वर्षं माझ्या टोपीचेच फोटो काढतात ना गं सगळे?" साऊ थांबली नाही. "त्यांना विचार, ते म्हणतात मिठागरातली बाई. टोपी दिसली की त्यांची बाई होते. मग आज माझ्या लेकीच्या फोटोत मी का धरली जात नाही? ताम गेली ती उन्हाने गेली, ओझ्याने गेली. पोरीने नाही नेलं तिला. मोज तू, थोआ. मोठ्याने मोज."

थोआ पडद्यावर वाकली. तिने बोट टेकवत मोजलं. क्विन, ताम, स्वतः. मग बोट कोपऱ्यात आलं. "चार," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसून हमसून रडली.

दिएप आईकडे बघतच राहिली. अठरा वर्षं या बाईच्या घरात काढली होती तिने, आणि ही बाई तिने आज पहिल्यांदा पाहिली.

वूच्या मोटारसायकलवरून दोघं तडक निन्ह होआला गेली. हिएनकाकांनी फोटो संगणकावर घेतला, ताममावशीचा चेहरा तेवढा चौकटीत धरला आणि मोठा करत नेला. पडदा भरून गेला तेव्हा तिघंही पुढे वाकली. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्यांचं जाळं होतं. भुवयांच्या केसांत मिठाचे कण अडकले होते, आणि एकेका कणात उजेडाचा एकेक ठिपका होता. हसण्यात एक दात कमी होता. चेहरा खालून उजळला होता, हनुवटीपासून वर, आणि त्या उजेडात चाळीस वर्षं फडक्याआड राहिलेली ती गोरी कातडी अशी दिसत होती की बघणाऱ्याने आवाज खाली आणावा.

"हा उजेड कुठला?" काकांनी हळूच विचारलं. "दिवा लावला होतास?"

"नाही. सावलीत बसल्या होत्या." दिएपही डोळे फाडून बघत होती. मग तिच्या लक्षात आलं. "समोर मिठाचा ढीग होता, काका. उन्हातला. मीठ उजेड देत होतं."

हे तिने काढलं होतं, आणि काढताना तिला यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तिला भीती वाटली, नवल वाटलं, आणि आपण एवढं मोठं काहीतरी आंधळेपणाने हातात धरून फिरत होतो याची लाजही वाटली.

काकांनी सवयीने निळा आओ झाय उघडला. मग वूकडे पाहून तो बंद केला. मिठाचे कण पुसायचं साधन हातात घेतलं आणि तेही ठेवून दिलं.

"तीस वर्षं लोकांना मेल्यावर धुऊनपुसून देतोय मी," ते म्हणाले. "असा एकही माझ्या हातून झाला नाही. मला शिकवायला कुणी नव्हतं, पोरी. तुला मिळतंय तर लाथाडू नको."

त्या दुपारी ताममावशी आपल्या मेजावर हसत बसली. गाव येत होतं, उदबत्ती लावत होतं, वर बघत होतं आणि जागच्या जागी थबकत होतं. तिच्यासोबत वीस वीस वर्षं मीठ वाहिलेल्या बायका म्हणत होत्या, "किती चांगली दिसायची गं ही!" बा आला तेव्हा त्याने उदबत्ती लावली, तीनदा वाकला आणि इतका वेळ उभा राहिला की मागच्यांना त्याला हलवावं लागलं.

शुक्रवारी ताममावशीला वाळूत पुरलं. परतताना बा दिएपच्या बरोबरीने चालू लागला.

"त्या कॉलेजात," तो म्हणाला, "सावली असते का?"

"वर्गात असेल की."

"आणि काम? उन्हातच?"

"बहुतेक उन्हातच, बा."

"मग आपलंच काम ते," तो म्हणाला. "तुझी इच्छा तू लिही. मला तुला काय सांगता येईल, मला कळेनासं झालंय."

संध्याकाळी चार थेंब पडले आणि गावाची झोप उडाली. शनिवारी जी हाताला लागेल ती कावड उचलून सगळं गाव मिठागरावर उतरलं. एक खांदा कमी होता, तिथे दिएप उभी राहिली. कॅमेरा तिने जेवणाच्या पिशवीत घातला, तोंडाला फडकं बांधलं, टोपी चढवली. पहिल्या तीन खेपांत खांदा सोलवटला. चौथ्या खेपेपासून नुसती आग होती.

लाल जाकिटाची बस त्याही दिवशी आली. आज बायकांनी रांग धरली नाही, तोही काही बोलला नाही, बांधाच्या टोकाला बसून आपलं काढत राहिला. दिएप रिकामी कावड घेऊन परतत असताना त्याने तिला थांबवलं. "ताई, हे बघा. तुम्ही!"

तिने बघितलं आणि खांद्याची आग विसरली. आकाश आणि पाणी एक झालं होतं. मधल्या पुसटशा रेषेवर एक लहान काळी बाई होती, कावड पाखराच्या पंखांसारखी पसरलेली, आणि सबंध पहाट तिच्यासाठीच थांबल्यासारखी वाटत होती. ती रोज बांधावर थबकून जे बघायची आणि जे कुणाला सांगता यायचं नाही, ते या माणसाने पकडलं होतं. असं मनापासून नवल तिला परक्या माणसाचं कधी वाटलं नव्हतं.

"हे पाणी काळं कसं नाही पडलं? सूर्य तर समोर होता," तिने फडक्यातून विचारलं.

तो चपापला. मिठागरात त्याला आजवर कुणी असं विचारलं नसावं. मग तो भिंगाबद्दल, उजेड मोजण्याबद्दल पाचसहा वाक्यं बोलला आणि त्यातली चार तिच्या डोक्यावरून गेली.

"कुठे शिकलात?"

"साईगावला. कॉलेजात," तो म्हणाला. तिचं नाव त्याने विचारलं नाही. पुढच्या बाईचा फोटो घ्यायला तो वळलासुद्धा.

दिएप तिथेच उभी राहिली. त्याला जे येत होतं ते तिला येत नव्हतं, आणि ते शिकता येतं हे तिला आत्ता त्याच्याच तोंडून कळलं होतं. प्रत्येक टोपीखाली कोण आहे हे मात्र तिला ठाऊक होतं, नावानिशी. इच्छांचा क्रम बदलायला अजून पाच वाजेपर्यंत वेळ होता.

न्याहारीला तिघीच बसल्या, दिएप धरून चौघी. थोआने फडकं सोडलं, थुंकी लावून केस चापून बसवले आणि पाठ ताठ केली.

"काढ माझा. एकटीचा. सरळ समोर बघून. आत्ताच काढून ठेव, नंतर पोरांची धावपळ नको."

"मावशी, हसा ना थोडं."

"हसायला काय लग्न आहे?" असं म्हणता म्हणता ती हसलीच, आणि दिएपने बटण दाबलं. क्विन म्हणाली, मी अजून नवरी आहे, माझा इतक्यात नको. सगळ्या हसल्या.

"मा, आता तू."

माने टोपी काढून मांडीवर ठेवली. फडक्याची गाठ सोडली, एक वेढा, दुसरा वेढा, आणि चेहरा उन्हाकडे केला. दिएपने भिंगातून पाहिलं. डोळ्यांभोवती ओल्या मातीसारखा काळा पट्टा, आणि खाली गाल इतके गोरे, इतके कोवळे, की ते कधी कुणी पाहिले नसावेत. बानेसुद्धा पाहिले असतील का? दोन बायका एका चेहऱ्यात होत्या. काळ्यावर उजेड धरला की गोरं जळून जाई. गोरं धरलं की डोळे अंधारात बुडत. तिने एक काढला, मग दुसरा, मग भिंग फिरवून तिसरा.

"झालं?" माने ओठ न हलवता विचारलं.

"नाही. तू पुरी येतच नाहीस. डोळे आले तर गाल जातात. मला जमत नाहीये, मा."

"किती वेळ लागेल?"

दिएपने कॅमेरा खाली घेतला नाही. खाली घेतला असता तर तिचे भरून आलेले डोळे आईला दिसले असते.

"चार वर्षं," ती म्हणाली. "साईगावला."

क्विन काहीतरी म्हणायला गेली तशी थोआने तिला कोपराने ढोसलं. बांधावरून बा हाका मारत होता, ढग डोंगर ओलांडून आला म्हणून. माने तिकडे मान वळवली नाही.

"बरं," ती म्हणाली. "मी कुठे जातेय." आणि फडकं न बांधता, उघड्या तोंडाने, तशीच समोर बघत बसून राहिली.